दुभाषी

माझं काम खरं तर औषधं मोजून देण्याचं.
पण सोहारच्या या पॉलिक्लिनिकात मराठी येणारी मी एकटी,
म्हणून जिन्सी सिस्टर अधूनमधून काउंटरवरून उठवून नेते:
"चेची, तुमच्या गावाकडची आलीय."
चोपडा कुठे, माझं मालवण कुठे,
हे तिला कसं सांगावं.

हर्षला ठोंबरे. बाळंतपणाला सहा आठवडे.
मांडीवर मुलगी, डोक्याला घरी शिवलेलं टोपडं.
कागदावर दहा प्रश्न. इंग्रजीत, अरबीत, पाठीमागे हिंदीत.
प्रत्येकापुढे चार चौकोन.
मी विचारत जाते, ती उत्तरं देते
तोंडी परीक्षेला उभी असल्यासारखी.

हसू येतं? येतं.
स्वतःला दोष देतेस? नाही.
शून्य, शून्य,
जिन्सीचं पेन खुशीत पुढे.

पाचव्याला मीच अडले.
धास्ती म्हणू? घोर? हुरहूर?
काळजी म्हणावं, तर आमच्याकडे तो बाईचा गुणच,
त्याला चौकोनात गुण कोण देणार.
शेवटी म्हटलं, जीव थाऱ्यावर असतो का गं?

तिने पहिल्यांदा वर पाहिलं.
"जेवणावर जीव नाही, झोपेवर नाही.
अंघोळसुद्धा जिवावर येते.
सगळा जीव हिच्यात,
आणि हिला उचलायला गेलं की जीव घाबरा होतो."

काय म्हणाली, जिन्सी विचारते.
एवढे जीव, आणि माझ्याकडे हिंदीत एकही नाही.

आईचा व्हिसा महिन्याचा, संपला.
जाताना ती ओवा, शेपा, धूप बरणीत भरून गेली.
दुसऱ्या दिवशी धुरी दिली तर छतावरचा अलार्म कोकलला,
वॉचमन धावत वर, शेजारणी जिन्यात.
तेव्हापासून बरणी बंद.
फोनवर सगळे म्हणतात, बाळ दाखव.
कॅमेरा उलटा केलेला असतो,
दाखवणारी दिसत नाही.

माझा सुहृद इथलाच, सत्तावीस वर्षांपूर्वीचा.
मला कुणी कागद दिला नव्हता.
टाके पाहिले, बाळाचं वजन केलं, दूध येतं ना विचारलं.
दुपारी मी नळ सोडून न्हाणीघरात बसायचे.
गच्चीवरच्या टाकीचं पाणी, जूनचं, अंगाला चटके देणारं,
आणि मला ते बरं वाटायचं.
हे मी अजून कुठल्याच भाषेत बोललेले नाही.

दहावा प्रश्न.
शब्द पुन्हा तोच. जिवाचं बरंवाईट...
वाक्य अर्धं तोंडात असताना ती म्हणाली,
"हे तुम्ही विचारताय, की कागद विचारतोय?"

मी कागद पालथा घातला.
म्हटलं, मी.

खिडकीबाहेर एसीचं पाणी बादलीत टपटपत राहिलं.

"आठवा मजला आहे. बाल्कनीला सरकतं दार.
हे रात्रपाळीला गेले की
मी दाराच्या मुठीला ओढणी बांधते. तीन गाठी.
सोडायला मला वेळ लागावा म्हणून."

किती लिहू, जिन्सीने विचारलं.
तीन, मी म्हटलं.
गाठी की गुण, माझं मलाच कळलं नाही.

मग जिन्सीने पेन ठेवलं. डॉक्टर बदरिया आत आल्या,
स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या, टेबलाच्या अलीकडे.
मी गाठींचं सांगितलं, जमेल तसं.
हर्षलाने मुलीला घट्ट धरलं. "हिला काढून नेतील?"
मी ते अरबीत कसंबसं विचारलं.
"ला," डॉक्टर म्हणाल्या, आणि तिचा हात धरला.
तेवढा एक शब्द माझ्यावाचून पोचला.

तासाभराने नवरा आला, प्लांटवरून तसाच,
सेफ्टी बूट, भुवयांवर करडी धूळ.
पायपुसण्यावर थबकला, बूट काढू की नको.
तोही चोपड्याचाच. दोघांची बोली एक.
तरी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.